वयाने मोठ्या माणसांकडून काम कसं करून घ्यावं? – देखभालीच्या कामावर नव्याने सुपरवायझर झालेल्या मित्राला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही २७ वर्षांचे, आयटीआय वायरमन. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या संकुलात महिन्यापूर्वी सुपरवायझर झालात. हाताखाली १८ माणसं आहेत: सफाईच्या बाया आणि पुरुष, चार माळी, दोन प्लंबर, दोन इलेक्ट्रिशियन, बाकी हेल्पर. बहुतेक जण तुमच्यापेक्षा मोठे. व्यवस्थापन म्हणतं कडक राहा, माणसं म्हणतात आधीचे साहेब बरे होते. आणि परवा सगळ्यात जुन्या प्लंबरकाकांनी चारचौघांत सुनावलं, "तुले काय समजते, कालचा पोट्टा तू!" आता करायचं काय?

मी या कामात २६ वर्षं आहे. प्लंबरचा हेल्पर म्हणून सुरुवात केली आणि नंतरची सतरा वर्षं नागपुरातच दोन शैक्षणिक संकुलांची आणि एका गृहसंकुलाची देखभाल पाहिली. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. आपल्याला जो कामचुकारपणा दिसतो, त्यातला बराचसा खरं तर अडचण असतो. किल्ली नसते, पाणी नसतं, सामान संपलेलं असतं, किंवा दोघांनी दोन वेगळी कामं सांगून ठेवलेली असतात. ही अडचण ऑफिसात बसून दिसत नाही, आणि माणूस आपणहून सांगत नाही, कारण पूर्वी सांगून काही झालेलं नसतं.

माझ्या पहिल्याच जागेवरची गोष्ट सांगतो. तिसऱ्या मजल्याची फरशी नेहमी चिकट राहायची. तिथल्या मावशींना आधीच्या सुपरवायझरने दोनदा दंड लावला होता. मी एक दिवस सकाळी साडेसहाला त्यांच्यासोबत चढलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावरचे नळ गळतात म्हणून कोणीतरी वर्षभरापूर्वी बंद करून टाकले होते. मावशी तळमजल्यावरून पंधरा लिटरची बादली हाताने वर नेत होत्या, आणि एका बादलीत अख्खा मजला पुसत होत्या. शेवटच्या खोल्यांपर्यंत पाणी चिखलासारखं व्हायचं. प्लंबरने दोन तासांत डक्टमधून अर्ध्या इंचाची लाइन काढून वर नळ बसवला. त्यानंतर त्या मजल्याची तक्रार आली नाही. मावशींनी ही अडचण आधी का सांगितली नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितली होती बाप्पा, तीनदा." दंडाचे पैसे मी व्यवस्थापनाशी भांडून परत मिळवून दिले. त्या भांडणानंतर बाकीची माणसं माझ्याशी बोलू लागली.

म्हणून आता पंधरा दिवस काहीही बदलू नका. नवा नियम नको, नवं वेळापत्रक नको. एक साधी वही घ्या आणि रोज एकेका माणसासोबत त्याची पूर्ण पाळी चाला. तो कुठे थांबतो, कशाची वाट पाहतो, कोणतं हत्यार दुसऱ्याकडून मागून आणतो, हे लिहून ठेवा. माळ्याचं सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, बोथट असेल, खराट्याची काडी झिजून वीतभर उरली असेल, ब्रश कटरची दोरी तीन आठवड्यांपासून संपली असेल. सामानाची ही यादी घेऊन व्यवस्थापनाकडे जा आणि तीन-चार गोष्टी लगेच मिळवा. इतवारीत हार्डवेअरच्या एका फेरीत बरंच काही येतं. येत्या महिन्यात एवढं केलंत तरी तुमचा शब्द थोडा जड होईल.

काम सांगण्याबद्दल. "तिकडे बघून घ्या जरा" हे काम सांगणं नाही. कुठे, काय, कशाने आणि केव्हापर्यंत, हे सांगा आणि समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगू द्या. काका, भाऊ, मावशी, ताई म्हणा. आपल्याकडे वयाचा मान ठेवून बोललेलं काम पटकन होतं, आणि त्यात तुमचा अधिकार तसूभरही कमी होत नाही. चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा. रहिवाशांसमोर तर मुळीच बोलू नका. रहिवासी ओरडत असेल तर त्याला "तक्रार माझ्याकडे द्या" म्हणून आपल्या अंगावर घ्या. चांगलं काम झालं तर मात्र सगळ्यांच्या देखत सांगा, आणि नेमकं काय चांगलं झालं तेही सांगा.

आता एक विषय, ज्याबद्दल सुपरवायझर लोक सहसा बोलत नाहीत. संडास, गटाराची जाळी, कचऱ्याचे पिंप ही कामं तुमच्याकडे कोणाच्या वाट्याला येतात ते तपासा. बहुतेक ठिकाणी ती ठरावीक समाजाच्याच माणसांकडे जातात, आणि कोणी ठरवलं असं विचारलं तर उत्तर मिळतं, "पहिल्यापासून तसंच आहे." हे चालू देऊ नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी याच शहरात लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. इथल्या कामगाराला आपला स्वाभिमान माहीत आहे, आणि तो दुखावला गेला की त्याला कळतं. सफाईच्या सगळ्या माणसांची आठवड्याची पाळी लावा, नाव फळ्यावर लिहा, आणि त्यात एकालाही सूट देऊ नका. रबरी हातमोजे आणि गमबूट प्रत्येकाच्या मापाचे घ्या. एकच जोड सगळ्यांनी वापरायचा ही पद्धत मोडा. चहाचे कपही पाहा. एका जागी मला सफाईवाल्यांचे कप वेगळ्या खिळ्याला टांगलेले दिसले. मी त्याच दिवशी सगळे कप एका ट्रेमध्ये ठेवले आणि त्यातलाच एक उचलून चहा घेतला. दोन जण आठवडाभर घरून कप आणत होते. मग तेही थांबलं.

नागपूरचा उन्हाळा हा तुमच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. नवतपा म्हणजे २५ मेपासूनचे नऊ दिवस सगळ्यांना माहीत असतात, पण माझ्या अनुभवात माणसं त्याआधीच पडतात, एप्रिलमध्ये, जेव्हा ऊन अचानक वाढतं आणि शरीर सरावलेलं नसतं. नवा माणूस किंवा गावाहून सुटीवरून परतलेला माणूस असेल तर पहिला आठवडा त्याला उन्हात अर्धंच काम द्या. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत बाहेरचं काम सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात जिने, बेसमेंट, स्टोअरची आवराआवर, हत्यारांना धार. गच्चीवर साडेदहानंतर कोणी जायचं नाही, मग टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉलकॉक गळत असला तरी. खालून वॉल्व्ह बंद करा आणि संध्याकाळी दुरुस्त करा. पाण्याचा माठ कामाच्या जागेजवळ हवा, ऑफिसात नको. लांब असला तर माणूस पाणी पीत नाही. ओआरएसची पाकिटं ठेवा. घरचं कैरीचं पन्हं उत्तम.

कोणी बरळू लागला, तोल जाऊ लागला, ओकला, अंग तापलेलं लागलं, तर "बस जरा, बरं वाटेल" म्हणून सोडू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा ओले फडके ठेवा, आणि १०८ ला फोन करा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. राबणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही तो होतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हे सगळं मार्चमध्येच एकदा सर्वांना करून दाखवा.

उन्हाळ्यातला दुसरा धोका कूलर. होळी झाली की कूलरच्या गवताच्या ताट्या बदलणं, पंप तपासणं सुरू होतं. कूलरचा शॉक लागून आपल्या विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. लोखंडी बॉडी, ओली जमीन, अनवाणी पाय आणि अर्थिंग नाही, एवढं जुळलं की संपलं. तुम्ही स्वतः वायरमन आहात, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोडू नका. प्रत्येक कूलरचं अर्थिंग स्वतः तपासा. कूलरच्या सर्किटवर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. पाणी भरताना किंवा हात घालताना नुसता स्विच बंद करून चालत नाही, प्लग बाहेर काढायचा. आणि आठवड्यातून एकदा कूलर पूर्ण रिकामा करून घासायचा. डेंग्यूचा डास त्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. तुम्हाला कधी ना कधी कोणीतरी सांगेल की चेंबर तुंबलंय, सेप्टिक टँक भरलाय, एकाला खाली उतरव, पाच मिनिटांचं काम आहे. नाही म्हणा.

मी ज्या ठिकाणी होतो तिथल्या एका अधिकाऱ्याने मला हे अगदी याच शब्दांत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते, मैला उपसणारी सक्शनची गाडी मिळत नव्हती. हेल्पर पोरगा तयारही होता, पाचशे रुपये मिळणार होते. मी झाकण उघडू दिलं नाही. खूप बोलणी खाल्ली, नोकरी जाते की काय असं वाटलं. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पाहुण्यांना वास आला, एवढंच झालं.

त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, ऑक्सिजन नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून "वास येत नाही, उतर" हे सगळ्यात घातक वाक्य आहे. पहिला माणूस दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. पेपरात दोन-तीन माणसं एकदम गेल्याची बातमी येते ती अशी. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. वरून दबाव आला तर हे आकडे सांगा, आणि सूचना लेखी मागा. लेखी मागितली की बहुतेक जण गप्प होतात.

पिण्याच्या पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, धुतानाही बेसावध राहू नका. अरुंद तोंडाचा, महिनोन्‌महिने बंद असलेला संप आतून गुदमरवणारा असू शकतो. सगळी झाकणं बऱ्याच वेळ आधी उघडा, पंखा लावून हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि बाहेर दोन माणसं कायम. आत पेट्रोलवर चालणारा पंप कधीही न्यायचा नाही, त्याचा धूर मारतो. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. ॲसिड कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तुमच्या स्टोअरमध्ये नक्की असेल. आजच शोधून काढा.

पावसाळ्याची तयारी मेमध्ये. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे इमारतीच्या कडेची फरसबंदी खचते आणि जमिनीतले पाइप चेंबरच्या जोडावर तुटतात. मेअखेर भिंतीलगतच्या भेगा भरून घ्या, गच्चीवरची पाणी जायची तोंडं आणि खाली येणारे पाइप मोकळे करा, कडुनिंबाचा पाला काढा, बेसमेंटचा पंप चालवून पाहा. नुसता चालतो का हे पाहून भागत नाही; बादल्यांनी पाणी ओता आणि तो आपोआप सुरू होतो का ते पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि शहराच्या बऱ्याच भागांत घरांत पाणी शिरलं. पावसाळा संपत आला म्हणून पंप तपासणं थांबवायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

गवत वाढलं की माळ्यांना गमबुटाशिवाय आत सोडू नका. घोणस, नाग, मण्यार तिन्ही आपल्या आवारांत निघतात. चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नको. हात-पाय हलू न देता सरळ मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात. आणि पावसाआधी अख्खं झाड तोडायचं असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. रहिवाशांच्या एका गटाच्या म्हणण्यावरून माळ्याच्या हातात कुऱ्हाड देऊ नका, नंतर नाव त्याचं येतं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण थोडक्यात: रोजचा कामाचा फळा, तक्रारवही, स्टोअरची वही, किल्ल्यांची वही. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं, त्याची तारीख भिंतीवर लावा.

पगाराचं मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. तुमची बरीच माणसं ठेकेदाराकडची असतील. दर महिन्याला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते. २० तारखेला दोन-तीन जणांच्या मोबाइलवर पासबुक उघडून पाहा. एका जागी ठेकेदार पगारातून पीएफ कापत होता आणि भरतच नव्हता. आमच्या एका मावशींच्या मुलीचं ऑपरेशन निघालं, त्या पैसे काढायला गेल्या, तेव्हा कळलं की चौदा महिन्यांचा एक रुपयाही जमा नाही. मी तिथे अडीच वर्षं होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं. तो दोष माझाही होता, आणि मला आजही वाईट वाटतं. ईएसआयचं कार्ड प्रत्येकाच्या हातात आहे का, त्यात घरच्यांची नावं आहेत का, हेही तपासा. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसाला तो हक्क आहे.

सुट्ट्यांचं वर्षभराचं गणित आधीच मांडा. १४ एप्रिल, पोळा आणि दुसऱ्या दिवशीची मारबत, ताजबागचा उर्स, दसऱ्याला दीक्षाभूमी, दिवाळी. कोणाला कोणता दिवस हवा हे जानेवारीतच विचारून लिहून ठेवा आणि एकमेकांच्या बदल्या त्यांनाच ठरवू द्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणाऱ्याला अडवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी दुसरे येतील, आणि ईदला हे त्यांची पाळी करतील. आणखी एक: हिवाळी अधिवेशनाच्या आधी, नोव्हेंबरात, सगळ्या शहरातले रंगारी सरकारी इमारतींवर असतात. रंगकाम काढायचं असेल तर ऑक्टोबरात उरका.

खरोखर काम टाळणारा माणूस निघतोच, अठरांत एखादा. आधी अडचण तपासा, मग एकट्याला सांगा, मग तारखेसह लेखी द्या, आणि तरीही नसेल तर व्यवस्थापनाकडे पाठवा. दारू पिऊन आलेल्याला शिडीजवळ किंवा विजेजवळ जाऊ द्यायचं नाही. वाद न घालता घरी पाठवा आणि बोलणं दुसऱ्या दिवशी करा.

राहिले तुमचे प्लंबरकाका. त्यांना उत्तर देऊ नका, तक्रारही करू नका. ते चुकीचं बोलले, पण त्यामागे एक खरी गोष्ट आहे. त्या आवारात जमिनीखाली कोणती लाइन कुठून गेली आहे, कोणता वॉल्व्ह फिरवला की कोणती विंग बंद होते, हे फक्त त्यांना ठाऊक आहे. नकाशे असले तरी ते बांधकामाच्या वेळचे, त्यानंतर शंभर दुरुस्त्या झालेल्या. उद्या काका आजारी पडले आणि रात्री दोनला मुख्य लाइन फुटली, तर तुम्ही अंधारात चेंबर शोधत फिराल. त्यांना एकटं गाठा आणि म्हणा, "काका, मले खरंच समजत नाही. दोन दिवस मले फिरवा अन् दाखवा." वही घेऊन मागे चाला. प्रत्येक वॉल्व्हची जागा, तो किती फेऱ्यांत बंद होतो, कोणता जाम आहे, ते लिहा आणि संध्याकाळी एका मोठ्या कागदावर त्यांच्या समोर बसून नकाशा काढा. ते चुका दाखवतील, त्या दुरुस्त करा. नकाशाच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहा आणि तो लॅमिनेट करून पंपरूममध्ये लावा. मग पिवळा ऑइल पेंट आणून द्या आणि प्रत्येक चेंबरच्या झाकणावर नंबर त्यांच्याच हातून टाकून घ्या. डबा एक लिटरचा पुरेल, ब्रश एक इंची घ्या, आणि हे काम पाऊस येण्याआधी उरका, नाहीतर रंग धरत नाही.